पुस्तकात नसलेला आकडा

माणसाच्या डोळ्यांतलं पांढरं सगळं लाल झालेलं मी पंधराव्या वर्षी पाहिलं. एका नाही, दोन्ही डोळ्यांतलं. बुबुळं तेवढी काळी उरली होती आणि त्यांच्याभोवती नुसतं रक्त. ते मी केलं होतं. एकट्यानं केलं असं म्हणणार नाही, कारण चाक आम्हाला कबड्डी शिकवणाऱ्या केशवभाऊंचं होतं आणि फिरवणारे हात दुसऱ्या दोघांचे होते. पण आकडा माझा होता. पुढे सगळी उमर मी मोजमापाचीच नोकरी केली. आज घरात मुली माझी थट्टा करतात, की बाबा पिशवीतल्या भेंड्यासुद्धा मोजून घेतात. करू देत. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आमचं घर म्हणजे लाकूड डेपोच्या कुंपणाला लागून असलेली दोन खोल्यांची, कवेलूच्या छपराची क्वार्टर. गाव मुलचेऱ्याकडच्या रस्त्यावर, तीन बाजूंना सागाचं जंगल. बाबा डेपोत मोजणीदार होते. ट्रकमधून ओंडके खाली लोटले की जमीन हादरायची आणि फळीवरची पितळी ताटं एकमेकांवर वाजायची. मग शिक्क्याच्या हातोड्याचा आवाज, ठक्, आणि त्यामागून बाबांचा, "गोलाई एकशे बारा, लांबी तीन." माय त्या आवाजांवरच भात चुलीवर चढवायची. ओंडक्याचं माप काढायची रीत मला सातवीतच पाठ होती. गोलाईचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, त्याला लांबीनं गुणायचं. दिवेलागणीला बाबा त्या दिवसाची यादी माझ्यापुढे ठेवायचे आणि मी प्रत्येक ओळ तपासायची. चुकीमागे सागाच्या पट्टीचा एक फटका, हातावर. चार चुका असतील तर चार. पाचवा त्यांनी कधी मारला नाही आणि तिसऱ्यावर कधी थांबले नाहीत. माय म्हणायची, "अवो, लेकरू हाय, एखादा सोडा ना." बाबा म्हणायचे, "मी एखादा ओंडका सोडतो का?" त्यानंतर जेवण. तांदळाची भाकर, लाखोळीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी; रविवारी विहारात वंदना करून आलो की बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातून आलेली मासळी. सुजलेल्या बोटांनी गरम भात कालवता येत नाही. माय माझ्या ताटातला भात आधी पसरून, फुंकून द्यायची. मला त्या घरात अन्याय होतो असं तेव्हा वाटत नव्हतं. मार मोजलेला होता, आणि मोजलेल्या गोष्टीला मी खरं समजत होतो.

डेपोच्या मागे मुरमाचं मैदान होतं. हल्लीची पोरं रबरी मॅटवर बूट घालून कबड्डी खेळतात, ते पाहायला मला आवडतं. आमच्याकडे पडलं की कोपराची साल निघायची आणि मुरमाचे खडे आत राहायचे. काही माझ्या डाव्या कोपरात अजून आहेत. केस ओढणं, पोटात गुडघा घालणं, कानावर कोपर मारणं, पंचाची पाठ असेल तर हे सगळं खेळातच धरलं जायचं. शिकवायला केशवभाऊ. त्यांची बैलगाडी डेपोत लाकूड वाहायची. उजवा गुडघा वाकत नव्हता. तो नदीपलीकडच्या गावानं मंडईत मोडला होता. मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव भरणारी जत्रा. दुकानं, दंडारीचं लोकनाट्य, कबड्डी. पलीकडच्या गावाची एक पकड सगळ्या पट्ट्यात ठाऊक होती. चढाईला आलेल्या गड्याचे हातपाय चौघांनी धरायचे, उचलून जागच्या जागी चार-पाच गिरक्या द्यायच्या आणि आपटायचं. गडी सुटला तरी त्याला मधली रेषा कुठल्या अंगाला आहे ते कळायचं नाही. केशवभाऊ असेच उठून उलट्या बाजूला पळाले होते, आणि मग ते चौघं त्यांच्या गुडघ्यावर बसले. तेव्हापासून त्यांच्या हातात बेसरमाची छडी असायची. बेसरम नाल्याच्या काठानं माजतं. त्याची ओली छडी लवते, तुटत नाही. पकड सुटली की पोटरीवर एक. दम तुटला की दोन. त्यांचा मार मोजलेला नव्हता.

त्या वर्षी आपला पहिला माणूस अंतराळात जाऊन आला. डेपोत ओंडक्यांवर बसून मजुरांनी रेडिओवर ते ऐकलं. चैतूमामा नावाचे लाकूडतोडे होते, माडिया आदिवासी, कमी बोलणारे. त्यांनी एवढंच विचारलं, "वर त्यानं का खाल्लं?" 'का' म्हणजे आमच्याकडचं 'काय'. पावसाळ्यात शाळेत पुस्तकांची एक पेटी आली. तिच्यातली तीन पातळ पुस्तकं मी माझ्या नावावर घेतली: अंतराळवीर कसा घडवतात त्याचं एक, तरुणांच्या खेळांचं एक, समाजाचं एक. समाजाचं मी उघडलंही नाही. पहिल्यात एका पानावर गोल फिरणाऱ्या खुर्चीचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, की अंतराळवीराला अशा खुर्चीत बसवून रोज फिरवतात आणि हळूहळू त्याची भोवळ मोडते. मी ते वाचलं आणि मला पलीकडच्या गावाची पकड आठवली. मैदानावर आम्ही बारा पोरं होतो आणि मी बारावा होतो. खेळतात सात. एवढं सांगितलं म्हणजे ते पुस्तक घेऊन मी केशवभाऊंकडे का पळत गेलो ते कळेल.

"भाऊ, भोवळ मोडता येते," मी म्हणालो. "पुस्तकात लिवलं हाय."

केशवभाऊंनी चित्र पाहिलं, पुस्तक उलटं करून पाहिलं, छडीचं टोक त्यावर ठेवलं. "किती गिरक्या?"

पुस्तकात आकडा नव्हता. नुसतं 'रोज फिरवतात' एवढंच होतं. केशवभाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते. एवढा वेळ त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

"मिनिटाले दहा," मी म्हणालो.

"लिवलं हाय ना? मंग झालं." त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात घातलं. पट्टा माझ्या मनगटाला सैल व्हायचा, म्हणून मी तो कोपराजवळ चढवून बांधायचो. पोरं मला 'किताब' म्हणायला लागली.

केशवभाऊंनी जुन्या गाडीचं चाक आणलं, कंबरभर उंचीचा खांब पुरून त्याच्या टोकावर लोखंडी आस ठोकली आणि चाक आडवं बसवलं. वंगण लावल्यावर ते बोटानंही फिरायचं. चित्रातल्यासारखं मध्ये बसवायचं ठरलं होतं. पण गाडीच्या चाकाचा मधला तुंबा वीतभर वर आलेला असतो, त्यावर कोण बसणार? मग मीच तोड काढली. पोराला गुडघे दुमडून चाकावर उताणं झोपवायचं, घोटे दोरीनं तुंब्याला बांधायचे, डोकं चाकाच्या कडेच्या लोखंडी धावेबाहेर. दोघांनी खाली उकिडवं बसून आऱ्यांना हात मारायचे. फिरणाऱ्यानं तोंडानं 'कबड्डी कबड्डी' चालू ठेवायचं, म्हणजे दमही वाढेल. मी वहीत रकाने पाडले: नाव, गिरक्या, दम, शेरा. दोन-तीन दिवसांनी एक गिरकी वाढवायची. पोरं उतरली की भेलकांडत जाऊन ओकायची, आणि उरलेली हसायची. शेऱ्याच्या रकान्यात मी 'ओकला' लिहायचो. कुणी नाही म्हणालं की छडी. पोळ्यापासून मंडईपर्यंत रोज दुपारी शाळा सुटल्यावर हा कार्यक्रम.

चाकावर सगळ्यात जास्त चढायचा लालसू. चैतूमामांचा भाचा, सूरजागडच्या डोंगराकडून मामाकडे शिकायला आलेला, शाळेत माझ्याच बाकावर. आमच्यात खरा गडी तोच. एका श्वासात त्याचा दम बेचाळीस सेकंद चालायचा, मी तीनदा मोजला आहे. पण तो सगळ्यात जास्त चढायचा याचं कारण ते नव्हतं. बाकीच्यांचे बाप, काके मैदानाच्या कडेला येऊन उभे राहायचे. केशवभाऊ त्यांच्यासमोर हात आवरायचे. चैतूमामा दिवसभर जंगलात तोडीवर. लालसूसाठी बोलणारं तिथे कुणी नव्हतं. आमच्या घरात बाबा जेवताना सांगायचे, की आपण कुणापुढे वाकायचं नाही. तेव्हा माझ्याखाली कोण वाकतो आहे ते मी पाहिलं नाही.

त्या मंडईत चंद्रपूरहून एक सर येणार होते. नागपूरच्या एका क्रीडा वसतिगृहासाठी ते आमच्या पट्ट्यातून एक मुलगा निवडणार होते. शाळा, राहणं, आणि खुराक म्हणून रोज ग्लासभर दूध आणि दोन अंडी.

"दोन अंडे म्हणजे एका जणाले का दोघांत?" लालसूनं मला विचारलं.

"एकाले."

"रोज?"

"रोज."

त्यानं बाकावर बोटानं दोन गोल काढले. "मंग तू मले पाह्यजे तेवढा फिरव बे किताब. मी मरीन, पण जाईन."

अठ्ठावीस गिरक्यांवर त्याच्या नाकातून रक्त आलं. त्यानं ते मनगटानं पुसलं आणि मी शेऱ्यात 'ना. र.' लिहिलं. तीसवर आम्ही पोचलो तेव्हा मंडईला सहा दिवस होते. त्या दिवशी दोन पोरं धान कापायला गेली म्हणून केशवभाऊंनी मला पकडीत उभं केलं. लालसू चढाईला आला आणि मी, कसा कुणास ठाऊक, त्याचा घोटा धरला. पक्का धरला. तो रेषेवर जाऊ शकला नाही. केशवभाऊ ओरडले, "अबे, किताबनं धरला तुले!" सगळे हसले, लालसूवर. मग तो माझ्या छातीवर बसला, एका हातानं माझा जबडा दाबला आणि दुसऱ्यानं मूठभर मुरूम माझ्या तोंडात कोंबला. "खा बे, खा! पुस्तकात लिवलं हाय!" आता सगळे माझ्यावर हसत होते. त्यानं मला उठवायला हात दिला, अगदी मोकळ्या मनानं. मी धरला नाही. माझा पुढचा दात अर्धा तुटला होता. त्या संध्याकाळी मायनं पेज केली, आणि बाबांच्या यादीत माझ्या सहा चुका निघाल्या.

दुसऱ्या दिवशी लालसूचे घोटे बांधून झाले आणि केशवभाऊंनी विचारलं, "आज किती?" तक्त्याप्रमाणे एकतीस.

"चाळीस," मी म्हणालो.

"एकदम चाळीस?"

"पुस्तकात तीसनंतर चाळीसच हाय."

लालसूनं उलट्या डोक्यानं माझ्याकडे पाहिलं. "तीस का चाळीस, का फरक पडते? फिरवा."

फरक पडतो. फिरण्याचा वेग वाढला की बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. तीसवरून चाळीसवर गेलं की जोर पावणेदोन पट होतो. शिवाय पुस्तकातला माणूस खुर्चीच्या मधोमध बसला होता आणि आमच्या पोराचं डोकं धावेच्या बाहेर होतं. अंगातलं रक्त सगळं डोक्याकडे लोटलं जात होतं. हे मला कॉलेजात कळलं. पण न कळण्यामागे मी लपणार नाही. चाळीस हा आकडा मी हिशेबानं काढला नव्हता, रागानं काढला होता. एवढं मला त्याच वेळी ठाऊक होतं.

मी घड्याळाकडे पाहत होतो. तीस सेकंदांपर्यंत 'कबड्डी कबड्डी' नीट येत होतं. मग ते घोगरं झालं. चाळिसाव्या सेकंदाला थांबलं. खालच्यापैकी एकानं विचारलं, "थांबू का?" मी म्हणालो, "मिनिट पुरं होऊ दे." वीस सेकंद चाक मुक्यानं फिरलं. त्याच्या नाकातून उडालेलं रक्त गोल रेघेनं मुरमावर पडलं होतं, आणि काही माझ्या सदऱ्यावर. दोरी सोडली तेव्हा तो आपोआप घसरून खाली आला. डोळे उघडले. जवळचा पोरगा किंचाळून मागे सरला. लालसू म्हणाला, "लाल काऊन दिसून राह्यलं?" उठला, चार पावलं चालला आणि चाकाच्या खांबापाशीच तोंडावर आदळला.

चैतूमामांना कुणी सांगितलं माहीत नाही. ते जंगलातून तसेच आले, खांद्यावर कुऱ्हाड. भाच्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. मग चाकाकडे गेले आणि कुऱ्हाड घातली. एक एक आरा. चाक तुटेपर्यंत केशवभाऊ जागचे हलले नाहीत; मला वाटतं, राग चाकावर संपेल अशी त्यांची समजूत होती. मामा वळले आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं त्यांच्या डाव्या, चांगल्या गुडघ्यावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज वाळली फांदी मोडल्यासारखा नसतो. ओला असतो. केशवभाऊ मुरमावर लोळत ओरडत होते, "माह्यं पुस्तक नाई ते! मोजणीदाराच्या पोराले विचारा! पुस्तकात हाय चाळीस!"

मामांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, माझी मान धरली आणि तशीच धरून मला डेपोत नेलं. मागून दोघांनी लालसूला आणून ओंडक्यावर झोपवलं, डोळ्यांवर ओलं फडकं. बाबा यादी लिहीत होते.

"साहेब," चैतूमामा म्हणाले, "मले वाचता येत नाई. तुमी वाचा. चाळीस कुठी लिवलं हाय?"

बाबांनी पुस्तक घेतलं, ओंडक्यावर बसले आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागले. पान गाळलं नाही, चित्राखालची ओळ गाळली नाही. तासभर लागला असेल. मजूर कामं टाकून भोवती बसले होते. रॉकेट, पोशाख, अन्नाच्या पुड्या, खुर्ची. चैतूमामा कुऱ्हाडीवर हनुवटी टेकून ऐकत होते. बाबांनी शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"चैतू, यात आकडाच नाई."

"मंग कुठून आला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माह्या डोक्यातून."

त्यांनी वही मागितली. रकान्यातून बोट फिरवत मोजलं. पोळ्यापासून मी अठ्ठावन्न दिवस आकडे दिले होते. अठ्ठावन्न दिवस, अठ्ठावन्न आकडे, सगळे खोटे. बाबांनी पट्टी आणली. "हात पुढं कर. माहीत नसंल तर का म्हणायचं? माहीत नाई. म्हण." एक फटका. "माहीत नाई," मी म्हणालो. दुसरा. "माहीत नाई." दहाच्या पुढे हात पुढे धरवेना, तेव्हा त्यांनी मनगट धरून मारलं. माय कुंपणापाशी येऊन उभी होती. तिच्या हातात पिठाचं ताट होतं. सव्विसाव्यानंतर चैतूमामांनी बाबांचा हात वरच्या वर धरला.

"बस करा साहेब. पोरगं मरते."

"अजून बत्तीस बाकी हायेत."

"मले मोजता येत नाई," मामा म्हणाले, आणि पट्टी घेऊन गुडघ्यावर मोडली.

दवाखान्यात डॉक्टर नव्हते. कंपाउंडरनं थेंब टाकले आणि चंद्रपूरला न्या म्हणाला. कुणी नेलं नाही. तिसऱ्या दिवशी लालसूला नीट दिसायला लागलं, पण डोळे तसेच लाल. केशवभाऊंना त्यांच्या बहिणीनं गाडीत घालून नेलं होतं. मंडईच्या दिवशी आमचे सहाच गडी उभे राहायला तयार होते. सातवा मी. हाताला मायनं हळद लावून फडकी बांधली होती.

पलीकडच्या गावानं पहिल्या डावातच लालसूला धरलं. चौघांनी उचललं आणि गिरक्या दिल्या. मी मोजल्या, पाच. आपटलं. तो उठला आणि, मी शपथेवर सांगतो, कुठेही न वळता, सुतात चालल्यासारखा मधल्या रेषेवर गेला आणि हात टेकला. दम चालूच होता. चारही गडी बाद. मंडईतले लोक दंडार सोडून आमच्याकडे धावले. दुसऱ्यांदा त्यांनी त्याला गिरक्या दिल्याच नाहीत, सरळ लाथा घातल्या. तेव्हा त्यानं डोकं मारून एकाचं नाक फोडलं. मग दुकानांचे बांबू निघाले. पंच पळाला, परत आला. माझं उजवं मधलं बोट कुणीतरी मागे वाकवून मोडलं. ते आजही सरळ होत नाही, त्यामुळे मी पेन नुसत्या तर्जनी आणि अंगठ्यात धरतो. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. केलेल्या कामाचा उपयोग झाला, असं म्हणायला तो तेवढा पुरावा माझ्याजवळ आहे, आणि तो मी कधी कुणाला दिला नाही.

चंद्रपूरचे सर शाळेच्या पडवीत टेबलावर कागद घेऊन बसले होते. त्यांनी लालसूलाच बोलावलं. तो जवळ गेला आणि सर खुर्चीसकट मागे सरकले.

"डोळे आलेत याला? वसतिगृहात साठ पोरं आहेत माझी. साथ पसरेल."

"साथ नाही सर," मी मागून म्हणालो. माझ्या हातांना फडकी, तोंडात अर्धा दात, बोट लोंबतंय. मी त्यांना सगळं सांगितलं. चाक, तुंबा, तीस, चाळीस, मिनिट पुरं होऊ दिलं ते. पुस्तकात आकडा नव्हता तेही. ते ऐकताना सरांनी एकदाही मला थांबवलं नाही.

"खरं बोलतोस असं दिसतंय," ते म्हणाले. पेनचं टोपण काढलं. "महिनाभरात मुलगा हजर करायचा आहे मला. तोवर डोळे साफ होतील? तूच वही ठेवत होतास ना, तू सांग. हो म्हण, नाव लिहितो."

लालसू माझ्याकडे पाहत होता. लाल डोळ्यांतून त्याला मी कसा दिसत होतो कुणास ठाऊक. तो हसत होता, कारण त्याच्या मनानं ते झालंच होतं.

माझी जीभ 'हो'साठी उचलली होती. सगळं सोपं होतं. पण मला डोळ्यांतलं रक्त किती दिवसांत जातं ते ठाऊक नव्हतं. मी कुठे वाचलं नव्हतं, पाहिलं नव्हतं, मोजलं नव्हतं.

"माहीत नाही सर," मी म्हणालो.

"अंदाज?"

"माहीत नाही."

सरांनी दुसऱ्या नावावर पेन नेलं. पलीकडच्या गावाचा एक मुलगा. लालसूच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. तो ते तसंच घेऊन पायऱ्या उतरला.

त्यानंतर तो शाळेत आला नाही. मी दोनदा त्याच्या घरापर्यंत गेलो आणि परत आलो. मग एका सकाळी माय उखळात धान कांडत होती आणि मी उंबऱ्यावर बसून डाव्या हातानं लिहायची सवय करत होतो, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर कुऱ्हाड, नवा दांडा. रस्त्यावर चैतूमामा थांबले होते. दोघं बांबूतोडीवर निघाले होते. त्यानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली, खाली वाकला आणि दोन्ही हातांच्या बोटांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या.

"पाह्य."

स्वच्छ पांढरे. एक शीर नाही.

"किती दिवस झाले?"

"सतरा," मी म्हणालो. मी मोजतच होतो.

"महिन्याच्या आत ना?"

"हो."

"अठ्ठावन्न खोटे सांगितले तू," लालसू म्हणाला, "अन् मंग माह्यासाठी एक काऊन नाई सांगितला बे?"

त्यानं मला तोंडावर एकच ठोसा मारला. राहिलेला अर्धा दातही गेला. माय मुसळ टाकून बाहेर आली. "काऊन रे? का झालं?"

"काई नाई बाई. त्याचा दात पाहून राह्यलो होतो."

"पेज हाय, पिऊन जा."

"मामा थांबला हाय," तो म्हणाला आणि कुऱ्हाड उचलून निघाला.

मी तोंडातलं रक्त गिळलं आणि उठून रस्त्यावर आलो. ते दोघं डेपोच्या कुंपणाच्या कडेनं जात होते, मामा पुढे, तो मागे. तो वळून परत येईल आणि आणखी मारेल असं मला वाटत होतं. वळणावर दोघं सागात शिरले, तरी मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. तो आला नाही.